कोंड्याचा मांडा, पण विवेकाने

भाताची मळणी आटोपली की किन्हवली परिसरातील गिरण्या गजबजतात. तांदूळ घरी जातो, कोंडा गोठ्यात. याच कोंड्याच्या तेलातून १९५४ साली जपानमध्ये ओरायझॅनॉल हे द्रव्य प्रथम वेगळे करण्यात आले. वनस्पतिज स्टेरॉल आतड्यातील कोलेस्टेरॉलच्या शोषणास अटकाव करतात. फिनलंडमध्ये १९९५ साली लाकडाच्या लगद्याच्या उद्योगातील उपपदार्थापासून मिळवलेले स्टॅनॉल मार्गारिनमध्ये मिसळून बाजारात आले. अशी द्रव्ये प्रतिदिन सुमारे २ ग्रॅम घेतल्यास एलडीएल ८ ते १० टक्के उतरते, असा अनुभव आहे.

त्यामुळे कोंडायुक्त पिठे वा बिस्किटे काढावीत असे आपल्या औषधनिर्मात्या बंधूंना वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही या विचाराचे स्वागतच करतो. तथापि तीन गोष्टी स्पष्टपणे मांडणे कर्तव्य समजतो.

पहिली गोष्ट शुद्धतेची. खेड्यातील हलर गिरणीत तूस व कोंडा एकत्र मिसळतात. तो माणसाच्या आहारास योग्य नव्हे. तूस आधी वेगळे काढणाऱ्या गिरणीतील कोंडाही लायपेजमुळे काही तासांतच खवट होऊ लागतो. त्यास तत्काळ उष्णता देऊन स्थिर करावे लागते. शिवाय दाण्याच्या बाह्य थरात आर्सेनिकचे अंश अधिक असतात. म्हणून तपासणी अटळ आहे.

दुसरी गोष्ट गुणाची. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात कोलेस्टेरॉल उतरले ते कोंड्याच्या तेलाने, तंतूंनी नव्हे. तेव्हा तेल काढून घेतलेला कोंडा पुड्यात भरून तोच गुण सांगणे ही रुग्णाची फसवणूक ठरेल.

तिसरी गोष्ट दाव्याची. हृद्रोग व मेदोवृद्धी बरी करण्याच्या जाहिरातीस १९५४ चा औषधे व जादुई उपचार कायदा मनाई करतो. २०२२ च्या नियमांनुसार 'आयुर्वेद आहार' हे नाव ग्रंथोक्त विधीने सिद्ध केलेल्या अन्नासच लावता येते. वेगळे काढलेले स्टेरॉल मिसळलेल्या बिस्किटास नव्हे.

चरकाचार्यांनी स्थूलासाठी गुरू परंतु अपतर्पण करणारे अन्न सांगितले आणि यवास मानाचे स्थान दिले. यवातील बीटा-ग्लुकनचा कोलेस्टेरॉलवरील गुण आज आधुनिक शास्त्रही मानते. परंपरेचे असे भांडवल हाती असताना अतिशयोक्तीची गरज काय?

आमची खरी चिंता वेगळीच आहे. पुडा हाती आला म्हणून रुग्णाने हृदयविकारतज्ज्ञाने दिलेली गोळी परस्पर सोडली, तर त्याचा दोष कोणाच्या माथी? म्हणून वैद्याने आहार सुचवताना चालू औषधांची विचारपूस करावी, ती बंद करू नयेत असे स्पष्ट बजावावे आणि आरंभी व तीन महिन्यांनी रक्त तपासून घ्यावे. गुण आला तर तो अहवालात दिसेल. न आला तर तेही प्रांजळपणे सांगावे. कोंड्याचा मांडा करणे हे आपल्याकडे शहाणपणाचे लक्षण मानले जाते. मात्र मांड्यास औषध म्हणण्यापूर्वी पुरावा हवा.