अ+ दाबा, नोटीस तेवढीच!

विषय थोडा तांत्रिक आहे, पण शेवटपर्यंत वाचा. प्रश्न आपल्या गावातल्या नोटिशींचा आहे.

सरकारी वेबसाइट उघडली की बहुतेक ठिकाणी वरच्या कोपऱ्यात ‘अ- अ अ+’ अशी छोटी बटणं दिसतात. अ+ दाबून बघा. मेनू मोठा होतो, ‘आमच्याविषयी’ मोठं होतं, साहेबांचा संदेशही मोठा होतो. आता हरकती-सूचनांची जाहीर नोटीस उघडा. ती आहे तेवढीच! कारण ती नोटीस म्हणजे कागद स्कॅन करून चढवलेला फोटो असतो. आपल्याकडच्या कितीतरी कार्यालयांच्या साइटवर हाच प्रकार आहे.

हे बटण चालतं कसं ते आधी समजून घेऊ. पेपरच्या ऑफिसात ज्यांनी पान लावलंय त्यांना लगेच कळेल. मजकूर वेगळा असतो आणि त्याची स्टाइल वेगळी. बॉडीचा पॉइंट साइज स्टाइलमध्ये एकदा बदलला की अख्ख्या पानाचा बदलतो, बातमीच्या एका शब्दालाही धक्का लागत नाही. वेब पेजचंही तसंच. मजकूर एका जागी आणि तो कसा दिसावा याचे नियम दुसऱ्या जागी. या नियमांच्या यादीला स्टाइल शीट म्हणतात. सीएसएस म्हणतात ते हेच. ऑक्टोबर १९९४ मध्ये होकोन विउम ली या नॉर्वेच्या माणसाने ही कल्पना मांडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये तिचं पहिलं प्रमाण आलं.

पुढची पायरी महत्त्वाची. नोव्हेंबर २००० मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ठरवून दिलं, की ब्राउझरने ही स्टाइल शीट नुसती वाचून पान रंगवायचं नाही, तर ती प्रोग्रामसाठी उघडी ठेवायची. म्हणजे पानावर किती शीट आहेत, प्रत्येकीत कोणते नियम आहेत, हे एखादा छोटा प्रोग्राम विचारू शकतो. एखादा नियम घालू शकतो, काढू शकतो, अख्खी शीट बंदसुद्धा करू शकतो. पान पुन्हा न मागवता डोळ्यांदेखत अक्षर मोठं होतं, किंवा काळ्यावर पिवळं होतं, ते याच सोयीच्या जोरावर.

यात मला खरी मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. साइट बनवणारा म्हणतो अक्षर बारीक हवं, वाचणारा म्हणतो मला मोठं हवं. ऐकायचं कुणाचं? पहिल्या प्रमाणात दोघांनीही ‘हे महत्त्वाचं’ म्हणून शिक्का मारला तर साइटवाल्याचं चालायचं. १९९८ च्या दुसऱ्या प्रमाणात हे मुद्दाम उलटवलं आणि वाचणाऱ्याचा शिक्का वरचढ ठरवला. कमी दिसणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून. कुठलंही आंदोलन न होता जगभरच्या वाचकाला मिळालेला हा हक्क आहे.

आणि आपण काय करतो? फोटो चढवतो. फोटोत अक्षरं नसतात, ठिपके असतात. कुठलाही नियम त्याला लागू होत नाही. झूम केलं तर ओळ स्क्रीनच्या बाहेर जाते, मग डावीकडून उजवीकडे सरकवत बसा. मोबाइलचा टॉकबॅक साधा मजकूर वाचून दाखवतो तसा फोटो दाखवू शकत नाही. यादीत आपलं नाव शोधायचं तर शोधताही येत नाही. आणि हरकतीची मुदत मात्र तीच! दिसणाऱ्याला जेवढे दिवस, तेवढेच न दिसणाऱ्याला. त्याने आधी वाचून दाखवणारा माणूस शोधायचा, मग हरकत लिहायची.

ही मेहेरबानी मागण्याची गोष्ट नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध होईल हे पाहणं सरकारचं काम आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलंय.

कार्यालयातून ठरलेलं उत्तर येतं, ‘सही-शिक्का दिसायला पाहिजे ना!’ बरोबर आहे. स्कॅन ठेवा की! पण त्याच्याच वर तीच नोटीस युनिकोडमध्ये मजकूर म्हणून टाका. ती कुठल्या तरी कॉम्प्युटरवर टाइप झालेलीच असते. टाइप करायचं, प्रिंट काढायची, सही घ्यायची, पुन्हा फोटो काढायचा, एवढा द्राविडी प्राणायाम करून आपण चांगल्या मजकुराचा दगड करतो. जुन्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर तोही उपयोगाचा नाही, कारण तो फॉन्ट नसला की अक्षरांचा चिखल होतो.

म्हणून माझ्या तीन साध्या मागण्या आहेत. एक, प्रत्येक जाहीर नोटीस आणि यादी मजकूर स्वरूपात टाका. दोन, ती टाकल्याशिवाय हरकतीची मुदत मोजायला सुरुवात करू नका. तीन, वेबसाइटच्या ठेकेदाराचं बिल काढण्याआधी अ+ दाबून नोटीस मोठी होते का ते एका अधिकाऱ्याने स्वतः बघावं.

तुम्हीही तपासू शकता. कॉम्प्युटरवर फायरफॉक्स उघडा, ऑल्ट बटण दाबा, ‘व्ह्यू’मध्ये ‘पेज स्टाइल’ आणि त्यात ‘नो स्टाइल’ निवडा. साइटची सगळी सजावट उतरेल. उरेल तो खरा मजकूर. त्यात आपल्या गावाची नोटीस वाचता येते का बघा. येत नसेल तर अर्ज लिहा आणि पोच घ्यायला विसरू नका.