व्याळीची दिवाळी

या अंकातल्या महानुभाव गद्यावरच्या लेखाची मुद्रितं दुसऱ्यांदा आली, तेव्हा एका ओळीत चक्रधरस्वामींच्या मंडळींची भलत्याच महिन्यात दिवाळी होऊन गेली होती. लेखकाने मुळात ‘व्याळी’ लिहिलं होतं. दिवाळी अंकाच्या धबडग्यात आमच्या मुद्रितशोधकांना ते टंकदोषासारखं वाटलं आणि त्यांनी हसतमुखाने दुरुस्ती केली. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, लेखक फोन उचलेनात, फॉर्म सकाळी छापायला जायचा. शेवटी मोबाइलवर तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश उघडला. व्याळी म्हणजे संध्याकाळचं जेवण. मिनिटभरात काम झालं.

हा कोश १९९९चा. छापील प्रत शोधायची तर मोठं ग्रंथालय गाठावं लागतं, आणि तेही उघडं असेल त्या वेळेत. आता तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे. शेजारी १८५७चा मोल्सवर्थ आहे, दाते-कर्वेंचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. पैसे नाहीत, पासवर्ड नाही, ‘आपण कोणत्या संस्थेचे?’ अशी विचारणा नाही.

त्याच आठवड्यात दुसरा अनुभव आला. पावसावरच्या लेखातला एक आकडा ताडून पाहायचा होता. तो ज्या शोधनिबंधातला, त्याचे लेखक पुण्याचेच, पगार सरकारी, मोजमापाचा खर्चही सरकारी. निबंध मात्र परदेशी प्रकाशकाच्या कुलपात. उघडायचे ३९ डॉलर, म्हणजे तीन हजारांच्या वर. एवढ्यात आपल्याकडचे आठ-दहा दिवाळी अंक येतात आणि वर फराळाला पैसे उरतात.

हा धंदा कसा चालतो हे सांगितलं तर आमचे छापखानेवाले हसतात. निबंध लिहिणाऱ्याला मानधन नाही. तो तपासून देणाऱ्या जाणकारांना बहुधा दमडी नाही. आणि तयार माल त्याच लोकांच्या ग्रंथालयांना वर्गणी लावून विकायचा! आम्ही लेखकांचं मानधन उशिरा देतो याबद्दल आम्हांला बोल लावणाऱ्यांनी हे एकदा पाहावं.

याला पहिली फट पाडली भौतिकशास्त्रज्ञांनी. ऑगस्ट १९९१मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी निबंधांचे कच्चे मसुदे सगळ्यांना मिळावेत म्हणून जी सोय केली, तीच पुढे ‘आर्काइव्ह’ झाली. नोव्हेंबर २००२मध्ये ग्रिगोरी पेरेलमान या रशियन गणितज्ञाने प्वँकारेच्या अनुमानाच्या सिद्धतेचा पहिला भाग तिथेच ठेवून दिला. शतकभर भल्याभल्यांना न सुटलेलं ते कोडं त्याने सोडवलं, पण ती सिद्धता कुठल्याही नियतकालिकाकडे धाडली नाही. नंतर आलेलं फील्ड्स पदक नाकारलं, दहा लाख डॉलरही नाकारले. एवढं वैराग्य सर्वांना जमणार नाही. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने ‘ओपन ॲक्सेस’ची, म्हणजे संशोधन वाचणाऱ्याला मोफत आणि खुलं असावं अशी मागणी मांडली, आणि ती टिकली.

टिकली, पण धंदेवाल्यांनीही वाट काढली. वाचकाकडून घेता येत नाही ना, मग लेखकाकडून घ्या. ‘नेचर’ने २०२०मध्ये निबंध खुला ठेवण्याचा दर जाहीर केला तो ९,५०० युरो, त्या वेळच्या हिशेबाने आठ लाखांच्या वर. जिल्ह्याच्या ठिकाणी वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने एवढे पैसे आणायचे कुठून? आणि बढतीसाठी निबंध तर हवाच. मग ‘पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या’ वाल्यांचं फावलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने शिरलेली हजारावर नियतकालिकं भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. निकषांवर उतरली जेमतेम ११ टक्के. २०१८च्या ‘करंट सायन्स’मधला तो निबंध कुणालाही फुकट वाचता येतो, हे बरं.

सगळेच असे नाहीत. परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर १९५५पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढतात. या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ते इंटरनेटवर खुलं केलं, तेव्हा लेखकांनाही बिल लावलं नाही. ओपीडीतली रांग संपवून मुद्रितं तपासणाऱ्या त्या मंडळींबद्दल मला, एक संपादक म्हणून, जरा जास्तच आपुलकी आहे.

सरकारने आपल्या परीने तोडगा काढला. नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ मंजूर झालं: तीन वर्षांचे ६,००० कोटी, तीस प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सरकारी महाविद्यालयांतल्या मुलांना याचा फायदा होईल, यात शंका नाही. पण यात कुलूप तसंच राहिलं, फक्त किल्ल्या जास्त वाटल्या गेल्या, आणि पहिल्या टप्प्यात तरी त्या संस्थांनाच मिळाल्या. इतिहासाचार्य राजवाडे आज असते तर त्यांना लॉगिन मिळालं नसतं. गावोगाव वणवण करून जमवलेले कागद ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या २२ खंडांत लोकांपुढे ठेवणारा हा माणूस कुठल्या विद्यापीठाच्या हजेरीपटावर नव्हता. कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पं हुडकत हिंडलेले सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठेही प्राध्यापक म्हणून तिथे गेले नव्हते. ती शिल्पं २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

आणि जे खुलं आहे, ते तरी हाती लागतं का? ‘शोधगंगा’वर मराठीतले प्रबंध ढिगाने आहेत. एक उतरवून पाहा. प्रकरणागणिक वेगळी फाइल. चौथं प्रकरण उघडतं, पाचव्यात संदर्भसूची निघते. मजकूर स्कॅन केलेला, नाहीतर जुन्या फाँटातला, त्यामुळे शोधखिडकीत ‘बलुतेदार’ टाइप केलं तर उत्तर शून्य. दार सताड उघडं, आत दिवा नाही. एखाद्या विद्यार्थिनीने पाच वर्षं वाड्यावस्त्यांवर फिरून लिहिलेलं तिच्याच गावाला सापडू नये, याचं खापर मात्र परदेशी प्रकाशकावर फोडता येणार नाही.

यंदाच्या अंकात म्हणून आम्ही एक केलं. विज्ञान, भाषा आणि समाज या तिन्ही विभागांतल्या लेखकांना अट घातली: आधार घ्याल तो वाचकाला पैसे न मोजता उघडता आला पाहिजे. दोघे रुसले. एकाने विषयच बदलला, आणि बदललेला लेख मूळच्यापेक्षा सरस उतरला, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.

महानुभाव गद्यावरच्या लेखात व्याळी जागेवर आली आहे. मुद्रितशोधकांनी हा शब्द आता इतका मनावर घेतला आहे की रात्री काम लांबलं, की ‘आज व्याळी कोण मागवतंय?’ असं तेच विचारतात.