स्वतःसाठी कधी?

परवा बचत गटाची बैठक संपल्यावर चहा घेताना मी सहज म्हटलं, ‘अगं, ब्राझिलियन जिउ-जित्सू नावाचा कुस्तीसारखा खेळ आहे. त्यात पंचेचाळिशीच्या बायकाही स्पर्धेत उतरतात.’ सगळ्या खळखळून हसल्या. ‘या वयात मॅटवर लोळायचं? लोक काय म्हणतील गं?’

हसले मीही, पण विषय काही डोक्यातून जाईना.

हा खेळ मूळचा जपानी ज्युदोचा. मित्सुयो माएदा या ज्युदोपटूने तो शंभरेक वर्षांपूर्वी ब्राझीलला नेला. यात ठोसे-लाथा नाहीत. समोरचीला खाली घेऊन पकडीत अडकवायचं. सहन होईना तर तिने हाताने थोपटायचं, की पकड सुटते. मला भावलं ते त्यातलं वयाचं गणित. तिशीपासून ‘मास्टर’ गट सुरू होतात, पुढे साधारण दर पाच वर्षांना नवा गट आणि शेवटचा एकसष्टीपुढचा! म्हणजे चाळिशीतलीने विशीतल्या पोरीशी झुंजायचं नसतं.

आपल्या सोलापुरात तालमी आहेत, पण त्यांचा उंबरठा आपल्यापैकी किती जणींनी ओलांडला? २०२३ साली सांगलीत महिला महाराष्ट्र केसरी पहिल्यांदा झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. लेकींसाठी दार उघडलं. आयांचं काय?

बारामतीच्या लता करे आठवतात ना? नवऱ्याच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या या माउलीने लुगडं नेसून, अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकली. त्यांच्यावर २०२० मध्ये सिनेमाही आला. आपण सगळ्यांनी डोळे पुसले. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, त्या नुसत्या हौसेखातर धावल्या असत्या तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या की नाकं मुरडली असती? बाईचं धाडस दुसऱ्यासाठी असेल तरच आपल्याला गोड वाटतं. मला खुपतं ते हेच.

गेल्या आठवड्यात मी धीर करून ज्युदोच्या एका वर्गात चौकशीला गेले. सरांनी विचारलं, ‘मुलगी कितवीत आहे?’ म्हटलं, ‘मुलगी नाही, मीच शिकणार आहे.’ क्षणभर ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘आधी डॉक्टरांना गुडघे दाखवून या, मग फॉर्म भरू.’

गुडघे दाखवून आलेय. पदक मिळेल न मिळेल, पण फॉर्मवर ‘पाल्याचे नाव’ खोडून मी स्वतःचं नाव लिहिलंय.