डॉक्टरकीची वाट आणि आमचीं मुलें

हल्लीं खेडोपाडीं अशी समजूत पसरली आहे कीं, मुलास डॉक्टर करावयाचें तर एकरभर रान विकून त्याला लातुरास क्लासांत धाडलें म्हणजे झालें. पूर्वीं जमीन सावकाराच्या घशांत जाई, आतां ती शिकवणींत जाते. आमचें म्हणणें असें कीं, रान विकण्याआधीं शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनीं ही वाट नीट समजून घ्यावी.

डॉक्टरकी ही कांहीं कोणा एका जातीची मिरास नव्हे. सत्यशोधक समाजाचे डॉ. विश्राम रामजी घोले गवळी कुळांतले. सावित्रीबाईंचे दत्तक चिरंजीव डॉ. यशवंत १८९७ च्या प्लेगांत पुण्याजवळ रोगी तपाशीत होते. त्याच साथींत रोग्यांची सेवा करतां करतां माउली गेली.

आतां वाट अशी. दहावीनंतर विज्ञान शाखा. तींत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी घ्यावें. मग नीट नांवाची परीक्षा. पूर्वीं महाराष्ट्राची स्वतःची सीईटी असे; २०१७ पासून सरकारी कॉलेजांसही नीटच. १८० प्रश्न, ७२० गुण, निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. बरोबर उत्तरास चार गुण, चुकल्यास एक कापतात. प्रश्नपत्रिका मराठींतही मिळते. राज्याच्या सरकारी कॉलेजांतल्या शेंकडा ८५ जागा आपल्याच राज्याच्या मुलांस. पुढें साडेचार वर्षें अभ्यास आणि वर्षभर रुग्णालयांत सक्तीची उमेदवारी. घरांत मुलगी हुशार असेल तर हेंही ऐका: आठ लाखांच्या आंत उत्पन्न असलेल्या इतर मागास घरच्या मुलींचें शिक्षणशुल्क सरकारनें २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलें आहे. बारावी होतांच तिला उजवून टाकणाऱ्या बापास आम्ही काय म्हणावें!

परंतु गुण मिळवूनही आमचें मूल कागदाला अडतें. राखीव जागेस जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर व जात पडताळणी हवी. इतर मागासवर्गास त्यासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वींचा पुरावा मागतात. ज्यांच्या आजोबांस शाळेची पायरी चढतां आली नाहीं, त्यांनींच आजोबांचा शाळेचा दाखला आणावा, असा हा न्याय! आजोबा शिकले नसतील तर तहसिलींत कोतवाल बुक पाहावें, चुलत घराण्यांतले दाखले धुंडाळावे. हें काम मूल अकरावींत असतांनाच उरकावें. निकालानंतर धांवपळ करून पडताळणी हातीं येत नाहीं. आणि आम्हां शिक्षकमंडळींनींही जुनें रजिस्टर काढून देतांना कपाळास आठ्या घालूं नयेत.

राहतां राहिला क्लास. नीटचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचाच आहे. तो शिकविण्यासाठीं तालुक्याच्या अनुदानित कॉलेजास सरकार पगार देतें, म्हणजे तुमच्याआमच्या करांतून देतें. तरी कित्येक ठिकाणीं तेथें मुलाचें नुसतें नांव असतें, तास होत नाहींत, आणि तेच तास आपण बाहेर लाख रुपये मोजून विकत घेतों. एकाच मालाचे दोनदां पैसे! बाजारांत भाजीचेसुद्धां आपण असे देत नाहीं. हुशार मुलास शेवटीं सरावासाठीं कांहीं महिने शिकवणी लावली तर आमची हरकत नाहीं. पण शिकवणीच शाळा होऊन बसली तर गरिबाचें मूल कायमचें बाहेर राहील.

तेव्हां येत्या जूनमध्यें प्रत्येक गांवांतून दहा आईबापांनीं मिळून कॉलेजांत जावें. पदार्थविज्ञानाचा मास्तर कोण, तास किती वाजतां, हें विचारावें. प्रयोगशाळेचें कुलूप उघडावयास लावावें. उघडलें नाहीं तर तसें लेखी मागून शिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावें, आणि त्याची पोंच घेतल्याशिवाय उठूं नये.