आराखडा खुला आहे; घडवणारे हात हवेत

३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्यात आपल्या विज्ञानमंदिराचे उद्घाटन करताना जगदीशचंद्र बोस यांनी जाहीर केले, की येथे लागणारे शोध ही सर्वांची मालमत्ता असेल आणि त्यांवर पेटंट घेतले जाणार नाही. त्याच विचाराचे आजचे रूप म्हणजे ओपन हार्डवेअर. उपकरणाचा आराखडा, सुट्या भागांची यादी, जुळणीच्या पायऱ्या आणि संगणकप्रणाली असे सारे काही कोणालाही वापरण्यास व बदलण्यास मोकळे! लाइट-शीट सूक्ष्मदर्शकाचे असे आराखडे गेली काही वर्षे उपलब्ध आहेत. बोसांच्याच शहराने त्यांचा लाभ कसा घ्यावा, याचा विचार व्हायला हवा.

आधी या उपकरणाचे महत्त्व. मेंदूची ऊती अपारदर्शक दिसते, कारण तिच्यातील पाणी, मेद आणि प्रथिने यांचे अपवर्तनांक भिन्न असतात आणि प्रकाश पदोपदी विखुरतो. मेद काढून टाकून ऊती योग्य अपवर्तनांकाच्या द्रवात भिजवली, की हे विखुरणे कमालीचे घटते आणि उंदराचा अख्खा मेंदू काचेसारखा होतो. मग त्यातून बाजूने प्रकाशाचा काही मायक्रोमीटर जाडीचा पडदा सोडायचा, उजळलेल्या एकाच प्रतलातील प्रतिदीप्ती काटकोनात ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपायची आणि नमुना किंचित सरकवून पुढचे प्रतल घ्यायचे. एकही काप न घेता त्रिमितीय प्रतिमा हाती येते. पातळ काप घेण्याच्या पद्धतीत दूरवर गेलेले चेतातंतू तुटतात. येथे त्यांची वाट सलग पाहता येते.

मूळ कल्पना जुनी आहे. सीडेनटॉफ आणि झिग्मोंडी यांनी १९०३ मध्ये काचेतील सोन्याचे अतिसूक्ष्म कण बाजूने प्रकाश टाकूनच पाहिले होते. २००४ मध्ये हायडेलबर्गच्या संशोधकांनी ती जीवविज्ञानात नव्या रूपात आणली. पुढे २०१३ मध्ये ओपनस्पिम हा खुला आराखडा प्रसिद्ध झाला. २०१९ मध्ये झुरिक विद्यापीठातील गटाने खास पारदर्शक केलेल्या ऊतींसाठी मेसोस्पिम खुला केला आणि २०२४ मध्ये त्याची टेबलावर मावणारी, अधिक स्वस्त आवृत्ती आली.

मात्र खुला म्हणजे फुकट नव्हे. लेसर, संवेदनशील कॅमेरा आणि उत्तम भिंगे विकतच घ्यावी लागतात, आणि बहुधा परदेशातून. कोलकात्याच्या पावसाळी दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते आणि तापमान बदलले की प्रकाशपडद्याची जुळणी ढळते. म्हणूनच काही जण म्हणतात, की तयार यंत्र घ्यावे, हमी मिळवावी आणि संशोधकाने आपला वेळ संशोधनाला द्यावा. ज्यांना केवळ प्रतिमा हव्यात, त्यांच्यासाठी हा सल्ला योग्यच आहे. परंतु हमीची मुदत संपते आणि वार्षिक देखभालीचा निधी मिळत नाही, तेव्हा बंद पेटीसारखे ते यंत्र उघडण्याचे धाडस कोणी करत नाही. स्वतः जुळवलेले यंत्र मात्र दुरुस्त करता येते, हवामानानुसार बदलता येते आणि प्रकाशशास्त्र शिकवण्यासाठीही वापरता येते.

खरी उणीव पैशापेक्षा माणसांची आहे. यंत्रखरेदीसाठी निधी मागण्याची वाट ठरलेली आहे. ते जुळवणाऱ्या, सांभाळणाऱ्या कुशल तंत्रज्ञाच्या कायम पदासाठी तशी वाट नाही. ज्या विद्यार्थ्याची दोन वर्षे उपकरण उभारण्यात जातात, त्याचे काम प्रबंधात 'साधने आणि पद्धती' या एका प्रकरणात आटोपते. अशा स्थितीत मार्गदर्शकाने त्याला त्या वाटेने जाऊ दिले नाही, तर दोष कोणाचा?

कोलकात्याचा इतिहास वेगळे सांगतो. बोसांनी स्थानिक पत्राकारागिराच्या मदतीने मिलिमीटर-लहरींची उपकरणे घडवली. ध्रुवीकरणाच्या प्रयोगांत पिळलेला ताग आणि रेल्वेच्या वेळापत्रकाचे पुस्तकही वापरले. बहूबाजारातील इंडियन असोसिएशनमध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन प्रकाशाच्या विखुरण्याचा अभ्यास साध्या साधनांनी करत होते. त्यातूनच २८ फेब्रुवारी १९२८ चा शोध लागला. १९६० च्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून संगणकही उभारला.

आज जादवपूरच्या राजा सुबोधचंद्र मल्लिक रस्त्यावर इंडियन असोसिएशन, भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्था आणि जादवपूर विद्यापीठ शेजारी-शेजारी आहेत. प्रकाशशास्त्र, जीवविज्ञान आणि अभियांत्रिकी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. प्रतिमांच्या प्रचंड साठ्याचे विश्लेषण करणारे बारानगरच्या सांख्यिकी संस्थेत. प्रत्येक संस्थेने स्वतंत्र, महाग यंत्र मागवण्याऐवजी एक सामायिक लाइट-शीट सूक्ष्मदर्शक येथेच जुळवावा. त्यासोबत दोन कायम तंत्रज्ञ नेमावेत. उपकरणनिर्मितीला पूर्ण प्रबंधाचा विषय म्हणून मान्यता द्यावी आणि केलेल्या सुधारणा पुन्हा जगासाठी खुल्या कराव्यात.

या शेवटच्या अटीला सर्वाधिक महत्त्व आहे. केवळ इतरांचे आराखडे उतरवून घेणारा देश खुल्या विज्ञानाचा ग्राहकच राहतो. दमट हवेत टिकणारी रचना कोलकात्यातून बाहेर पडली, तर ती चितगाव, कोलंबो आणि कोचीलाही उपयोगी पडेल, आणि बोसांनी १९१७ मध्ये दिलेल्या शब्दाला नवा अर्थ येईल.