तेलाच्या विहिरी आणि कुलूपबंद नोंदी

तेलक्षेत्र (नियमन व विकास) दुरुस्ती विधेयकावर लोकसभेने १२ मार्च २०२५ रोजी शिक्कामोर्तब केले. राज्यसभेने ते डिसेंबर २०२४ मध्येच संमत केले होते. १९४८च्या मूळ कायद्यात नियमभंगाला सहा महिने तुरुंगवास किंवा एक हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. आता तुरुंगवास गेला आणि दंडाची मर्यादा २५ लाखांवर गेली. उल्लंघन सुरूच राहिले तर त्यापुढे दररोज १० लाखांपर्यंत. शेल वायू आणि कोळशाच्या थरांतील मिथेनही कायद्याच्या कक्षेत आले. गुंतवणूकदाराला स्थैर्याची हमी मिळाली. मात्र ज्या जनतेच्या मालकीचे हे तेल, तिच्यासमोर हिशेब मांडण्याचे बंधन या दुरुस्तीने कोणावरही घातलेले नाही.

मालकीचा प्रश्न निकाली निघालेला आहे. घटनेच्या २९७ व्या अनुच्छेदानुसार सागरतळाची संपत्ती संघराज्याची. म्हणूनच १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलेल्या मुंबई हायच्या स्वामित्वधनातला रुपयाही महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही, तो केंद्राकडे जातो. (मंत्रालयातील मराठी अधिकाऱ्यांच्या गप्पांत हा विषय निघाल्यावाचून राहत नाही.) कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सरकार हे या संपत्तीचे जनतेच्या वतीने विश्वस्त असल्याचा निर्वाळा दिला. विश्वस्ताने वही दाखवायची असते, हे साध्या सार्वजनिक न्यासालाही लागू आहे.

वही बंद राहिली की काय होते, हे त्याच खोऱ्याने दाखवले. उत्पादन वाटपाच्या करारात कंत्राटदार आधी खर्च वसूल करतो, मग उरलेल्या नफ्यात सरकारचा वाटा ठरतो. तोही गुंतवणुकीच्या पटीशी बांधलेला. खर्चाचा आकडा फुगला की सरकारचा हिस्सा आकसतो. डी-६ क्षेत्राच्या विकासाचा अंदाज २००४ मध्ये २.४ अब्ज डॉलर होता. २००६च्या सुधारित आराखड्यात तो ८.८ अब्ज झाला. ही वाढ योग्य की अयोग्य, यावर तज्ज्ञांत मतभेद असू शकतात. पण त्यावर संसदेत गांभीर्याने बोलता आले ते महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०११ मध्ये सभागृहासमोर आल्यानंतर. म्हणजे पाच वर्षांनी.

माहिती अधिकार कायदा २००५ पासून आहे. मात्र पेट्रोलियमच्या अर्जाला सहसा कलम ८(१)(ड) आडवे येते: व्यापारी गोपनीयता. हे कलम निरर्थक नाही. लिलावापूर्वी प्रतिस्पर्ध्याची भूकंपीय चाचणी मिळाली तर शोधात पैसा कोण घालील? परंतु त्याच कलमात, व्यापक लोकहित असेल तर माहिती द्यावी, असेही लिहिले आहे, आणि ८(२) त्याला बळ देते. फाइलवर शेरा मारताना या उत्तरार्धाचा विसर पडतो, हे दुर्दैव.

२०१६च्या नव्या धोरणाने खर्चवसुली सोडून थेट महसुलातील वाटा स्वीकारला. कारण सांगितले गेले की आता खर्चाच्या वह्या तपासायला नकोत. मान्य. मग उरतात तीनच आकडे: किती काढले, काय भावाने विकले, सरकारला किती मिळाले. यात गुपित ते कोणते? नॉर्वे एकेका क्षेत्राचे उत्पादन सर्वांसाठी प्रसिद्ध करतो. तिथल्या कंपन्या काही देशोधडीला लागल्या नाहीत. आपल्याकडेही २०१७ मध्ये नोएडात राष्ट्रीय विदा भांडार उघडले, पण त्याची रचना खोऱ्यात पैसा लावू इच्छिणाऱ्यासाठी आहे, विहिरीशेजारी राहणाऱ्यासाठी नव्हे.

विहिरीशेजारी राहणारा म्हणजे कोण, हे आसामातील बागजानने सांगितले. १६ जानेवारी २०२० रोजी पर्यावरण मंत्रालयाने अधिसूचना काढून तेल व वायूच्या शोधकार्याला जनसुनावणीतून सूट दिली. त्याच वर्षी २७ मे रोजी बागजानच्या पाच क्रमांकाच्या, म्हणजे आधीपासून उत्पादन देणाऱ्या, विहिरीतून वायूचा स्फोट झाला. ९ जूनला तिने पेट घेतला, दोन अग्निशामक जवान गेले, आणि विहीर शांत व्हायला नोव्हेंबर उजाडला. मागुरी-मोटापुंग पाणथळ आणि दिब्रू-सैखोवा उद्यान तिथून हाकेच्या अंतरावर. या दुर्घटनेचे खापर त्या अधिसूचनेवर फोडणे चुकीचे ठरेल. परंतु जनसुनावणी हीच गावकऱ्याला प्रकल्पाची कागदपत्रे आयती समोर येण्याची जागा असते. शोधविहिरीपुरती ती गेली आणि हाती उरला तो अर्ज, अपील आणि प्रतीक्षा.

माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ अर्जाची वाट पाहत नाही. नोंदी स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य ते सार्वजनिक प्राधिकरणावर टाकते. क्षेत्रनिहाय उत्पादन, सरकारचा वाटा आणि सुरक्षा तपासणीचे अहवाल दर तिमाहीला खुले करायला नवे विधेयक लागत नाही. पेट्रोलियम मंत्रालयाच्या एका परिपत्रकाचे ते काम आहे.