बालसंगोपन : मुलीची उंची मोजतांना

एका भगिनीचें पत्र आलें आहे. त्या लिहितात, "माझी मुलगी 14 महिन्यांची असून तिची लांबी 73 सेंटिमीटर भरली. जाऊबाईंचा मुलगा तिच्याहून आठच दिवसांनीं मोठा. तो 79 भरला. घरांत दोघांची तुलना रोज चालते. सासूबाई म्हणतात, मुलगी आहे, नाजूकच असायची. यांची उंची 163 आणि माझी 151. मुलीची वाढ खुंटली तर नाहीं ना?"

पत्र एकीचें असलें तरी हा प्रश्न पुष्कळ घरांतला आहे, म्हणून थोड्या विस्तारानें लिहितों.

मुलीस मुलाशेजारीं ठेवून तिची वाढ ठरविणें हा हिशेबच मुळीं चुकीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें 2006 सालीं जे वृद्धि-तक्ते प्रसिद्ध केले, ते मुलींचे व मुलांचे निरनिराळे आहेत. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील, आईच्या दुधावर पोसलेल्या निरोगी मुलांचीं मापें घेऊन ते तयार केलेले आहेत. आपल्या देशांतील मापें दक्षिण दिल्लींत घेतलीं होतीं. त्यांप्रमाणें मुलीची मध्यम लांबी जन्मतः 49.1, सहा महिन्यांस 65.7 व वर्षाअखेर 74 सेंटिमीटर असते. चौदाव्या महिन्याअखेर ती 76.4 होते, तर मुलाची 78. या वयास मुलीची खालची मर्यादा 71 च्या सुमारास येते. तेव्हां 73 हें माप कमी खरें, पण मर्यादेच्या आंत आहे.

आतां आईबापांकडे पाहूं. दोघांच्या उंचीची बेरीज करावी, मुलगी असल्यास तींतून 13 वजा करावे, आणि बाकीची निमपट करावी. या घरीं तो आंकडा 150.5 येतो. मोठेपणीं मुलीची उंची याच्या सुमारें 8 सेंटिमीटर इकडे किंवा तिकडे भरावी, असा अंदाज असतो. ठेंगण्या आईबापांची मुलगी तक्त्याच्या मधल्या रेषेखालीं असावी यांत नवल नाहीं. परंतु एवढ्यावरून निश्चिंतही होऊं नये. कारण एका मापावरून वाढ कळत नाहीं, दोन मापांमधील अंतरावरून कळते. खालच्या रेषेवर असूनहि त्याच रेषेला धरून चढणारी मुलगी ठीक आहे; वरच्या रेषेवरून घसरत खालीं येणारीकडे मात्र लक्ष दिलें पाहिजे.

माप घेण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं इतकी सैल असते कीं, वाढलेली मुलगी कागदावर आंखडलेली दिसते! दोन वर्षांपर्यंत मूल निजवूनच मोजावें. गादी किंवा जाड गोधडी नको. भिंतीस लागून सपाट जमिनीवर एक पातळ चादर पुरे. पायमोजे, वाळे, डोक्यावरची क्लिप काढून ठेवावी. या कामास दोघीजणी हव्या. आजीनें मुलीचा माथा भिंतीस टेकवून दोन्ही हातांनीं डोकें धरावें, व मुलीची दृष्टि सरळ वर आढ्याकडे राहूं द्यावी. आईनें गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करावे, आणि एक जाड पुस्तक उभें धरून तळव्यांस काटकोनांत टेकवावें. भिंतीपासून पुस्तकापर्यंतचें अंतर धातूच्या पट्टीनें मोजावें. शिंप्याची जुनी फीत ताणली जाते. माप दोनदां घ्यावें, आणि दोहोंत अर्ध्या सेंटिमीटराहून अधिक फरक पडल्यास तिसऱ्यांदा. मूल रडूं लागलें तर तो दिवस सोडून द्यावा.

दर आठवड्यास मोजणाऱ्यांस एक सांगणें आहे. मिशेल लॅम्पल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1992 सालीं दाखवून दिलें कीं, तान्हीं मुलें रोज थोडथोडीं वाढत नाहींत. कांहीं दिवस मुळींच वाढत नाहींत आणि मग एकदम उडी घेतात. म्हणून पहिल्या वर्षांत महिन्या-दोन महिन्यांनीं व पुढें तीन महिन्यांनीं मोजलेलें बरें. पहिल्या वर्षांत सुमारें 25 सेंटिमीटर वाढ होते, दुसऱ्यांत 12. हा वेग मंदावणें स्वाभाविकच आहे. फ्रान्समधील माँबेयार नांवाच्या उमरावानें 1759 पासून 1777 पर्यंत आपल्या मुलाची उंची नेमानें टिपून ठेवली, तींतही हाच क्रम दिसतो. दुसऱ्या वर्षानंतर उभें करून मोजूं लागल्यावर माप पाऊण सेंटिमीटरानें कमी भरतें, त्यानें घाबरूं नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलीचें वय दोन वर्षांपर्यंत मूळ अपेक्षित तारखेपासून धरावें.

सासूबाईंच्या बोलण्याविषयीं, त्यांचा मान राखून, एवढेंच म्हणतों कीं "मुलगी म्हणून नाजूक" हें कारण वैद्यकांत नाहीं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत पांच वर्षांखालील शेंकडा 35.5 मुलें वयाच्या मानानें खुजीं आढळलीं. सहा महिन्यांनंतर दुधाच्या जोडीला मऊ वरणभात, नाचणीचें सत्त्व, कुस्करलेलें केळें, ज्यांच्याकडे चालतें त्यांनीं अंडें, हें सर्व वेळच्या वेळीं मुलीच्या पोटांत गेलें पाहिजे. एकत्र कुटुंबांत दोन मुलें जेवावयास बसलीं म्हणजे तुपाची धार कोणाच्या भातावर जरा अधिक वेळ पडते, हें घरच्या बायकांनीं स्वतःच पाहावें. उंची वाढविणारीं म्हणून विकलीं जाणारीं पुडींतलीं चूर्णें मुलीस देऊं नयेत. ते पैसे दूधफळांस लागोत.

मुलगी दोन रेषा ओलांडून खालीं आली, वजनहि वाढेना, किंवा ती सुस्त राहून तिला सदा मलावरोध असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे न्यावें. थायरॉईडचा दोष रक्ततपासणींत कळतो व त्यावर औषध आहे. मुलींतच आढळणारा टर्नर नांवाचा एक विकारहि आहे. दोन एक्स गुणसूत्रांपैकीं एक नसल्यानें किंवा अपुरें असल्यानें तो होतो, आणि दोन-अडीच हजार मुलींत एकीस आढळतो. उंची न वाढणें हेंच पुष्कळदां त्याचें पहिलें चिन्ह असतें. तो लहानपणीं ओळखला गेला तर वाढीच्या संप्रेरकाचे उपचार वेळेवर सुरू होतात. "घराण्यांत सगळ्याच ठेंगण्या" म्हणून थांबल्यास तीं वर्षें फुकट जातात. दवाखान्यांत जातांना जन्मापासूनचीं सर्व मापें, तारखांसह, बरोबर न्यावींत.